चेहऱ्यावरचे वांग आणि बांधावरची झाडे



आजच्या बोलण्याला निमित्त आहे एका ताईंच्या पत्राचे. त्या लिहितात, "दोन खरीप खुरपणी करून माझ्या दोन्ही गालांवर वांग आले आहे. शेजारणीने सांगितले म्हणून पंधरा दिवस लिंबू चोळले. डाग कमी व्हायचे राहिले, उलट जास्तच काळे दिसू लागले. आपल्या बांधावर, परसात एवढा झाडपाला आहे, त्यातले नेमके काय लावू? आणि आमचे मालक म्हणतात, चेहऱ्याच्या क्रीमसाठी ज्येष्ठमधाला फार मागणी आहे, रोपे देणारा माणूस गावात येऊन गेला, तर अर्धा एकर लावावे का?"

तुम्ही म्हणाल, खता-बियाण्याचं सोडून ही कृषी अधिकारी बाई तोंडावरच्या डागांचं काय सांगत बसली? पण ताईंचे दोन्ही प्रश्न झाडांचेच आहेत, आणि दोन्हींचे उत्तर एकच आहे. झाडात गुण असणे वेगळे आणि तो गुण आपल्या हाती लागणे वेगळे. मी डॉक्टर नाही. आजाराचा भाग मी त्वचारोगतज्ज्ञांना विचारून घेतला आहे. झाडांचा भाग माझ्या अभ्यासातला आहे. आणि खरं सांगायचं तर, धाकट्या मुलाच्या वेळेपासून माझ्याही गालावर वांग आहे. गाडीवरून शिवारफेऱ्या करताना ते उन्हाळ्यात वाढते, थंडीत थोडे उतरते. तेव्हा हा विषय माझ्याही घरचा आहे.

वांग म्हणजे काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. सावळा किंवा काळा रंग हा रोग नव्हे. कातडीतला रंग ही उन्हापासून बचाव करणारी आपली छत्री आहे. कष्टकऱ्याला ती देवाने मोठी दिली, एवढेच. तेव्हा गोरे होण्याचे औषध मी सांगणार नाही, कारण तसे औषध लागत नाही. आपण बोलणार आहोत ते डागांबद्दल. रंग एकाच जागी जास्त साचतो आणि गालावर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी ठिपके, पट्टे उमटतात, त्यांच्याबद्दल. आयुर्वेदात याला व्यंग म्हणतात आणि त्यावर मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन असे लेप सांगितले आहेत. म्हणजे ही तक्रार जुनीच आहे.

वांग बायकांना जास्त येते. गरोदरपणात येते, पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांनी काहींना येते, काही घरांत ते आईकडून लेकीकडे येते. पण या सगळ्यांवर कडी करते ते ऊन. उन्हात काम करणाऱ्या पुरुषांनाही ते येते.

आता ते होते कसे, हे समजायला एक वांगे चिरून ठेवा. हो, वांग समजायला वांगे! चिरलेली फोड थोड्या वेळात काळी पडते. वांग्यात एक द्रव्य असते, शास्त्रात त्याला एन्झाइम म्हणतात. फोड चिरली की या द्रव्याची वांग्यातल्या दुसऱ्या रसाशी आणि हवेशी गाठ पडते आणि काळा रंग तयार होतो. आपल्या कातडीच्या खालच्या थरातल्या पेशींत याच जातीचे एक एन्झाइम आहे. त्याचे नाव टायरोसिनेज. ऊन लागले की ते कामाला लागते आणि रंग बनवते. हा रंग म्हणजे मेलॅनिन.

घरात आपण वांग्याच्या फोडी पाण्यात टाकतो, कुणी त्यात मीठ टाकते, कुणी लिंबू पिळते. फोडी पांढऱ्या राहतात. जगभरचे शास्त्रज्ञ याच मार्गाने शोध घेत आले. कुठल्या झाडातले द्रव्य टायरोसिनेजचा हात धरून ठेवते, ते पाहायचे आणि त्याचा अर्क काढायचा. विचार चांगला आहे. पण चेहरा म्हणजे वांग्याची फोड नव्हे, हे आपल्या ताईंना लिंबाने शिकवले.

लिंबाने डाग का वाढले?

लिंबाच्या रसात, आणि त्याहून जास्त सालीतल्या तेलात, सोरालेन जातीची द्रव्ये असतात. ती सावलीत निरुपद्रवी. पण कातडीवर ती असताना ऊन पडले की कातडी भाजते. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात, आणि ते बरे झाले की मागे तपकिरी डाग राहतो. तो आठवडे नव्हे, महिने टिकतो. ताईंनी सकाळी लिंबू चोळले असणार आणि खुरपे घेऊन शेतात गेल्या असणार. औषधानेच रोग वाढवला, तो असा.

लिंबाच्या बागा असणाऱ्यांनी आणि अंजीरवाल्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. अंजिराच्या चिकातही हीच द्रव्ये आहेत. तोडणीच्या वेळी पूर्ण बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत आणि चीक लागला तर उन्हात जाण्यापूर्वी साबणाने धुवावा.

बावची हे याच गोत्रातले. ती कोडावर, म्हणजे पांढऱ्या डागांवर, रंग आणण्यासाठी वैद्य-डॉक्टर देखरेखीखाली वापरतात. काळ्या डागावर बावची लावणे म्हणजे विस्तवावर तेल ओतणे. बिब्ब्याचे तर नावच नको. बिब्ब्याच्या तेलाने फोड येतात आणि काळे व्रण कायमचे राहू शकतात. तो चेहऱ्याजवळही नेऊ नये.

कोणत्या झाडांत खरोखर गुण सापडला आहे?

पहिले ज्येष्ठमध. त्याच्या मुळात ग्लॅब्रिडिन नावाचे द्रव्य आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गिनीपिगच्या कातडीवर अर्धा टक्का ग्लॅब्रिडिन लावले, तेव्हा अतिनील किरणांनी येणारा काळेपणा आणि लाली दोन्ही कमी झाली. ज्येष्ठमधातलेच दुसरे द्रव्य लिक्विरिटिन. २००० साली इजिप्तमधल्या डॉक्टरांनी वांग असलेल्या २० बायकांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला त्याचे क्रीम आणि दुसऱ्या बाजूला नुसते साधे क्रीम चार आठवडे लावले. औषधाच्या बाजूला बहुतेकींचा डाग चांगला उतरला. पण २० माणसे म्हणजे लहान चाचणी, हे विसरू नये. एका वाफ्याच्या उत्पन्नावरून आपण एकराचा हिशेब पक्का धरत नाही, तसेच हे.

दुसरे तुती. रेशीम किडे पाळणाऱ्यांच्या शेतात ती उभीच आहे. तिच्या पाल्यात, फांद्यांत आणि मुळांच्या सालीत टायरोसिनेजला अडवणारी द्रव्ये आहेत. २०११ साली फिलिपाइन्समध्ये वांग असलेल्या ५० जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना तुतीच्या अर्काचे तेल, निम्म्यांना नुसते तेल, आठ आठवडे. अर्क लावणाऱ्यांत वांग मोजण्याचा आकडा सुमारे ४ वरून ३ च्या थोडा खाली आला. म्हणजे डाग फिका झाला, गेला नाही. झाडपाल्याच्या चांगल्या अर्काकडून साधारण एवढीच अपेक्षा धरावी.

तिसरे गहू आणि बार्लीसारखी धान्ये. त्यांत अझेलाइक आम्ल नावाचे द्रव्य थोड्या प्रमाणात असते. बाजारात ते कारखान्यात तयार होऊन येते आणि त्याचे २० टक्क्यांचे क्रीम त्वचारोगतज्ज्ञ वांगावर देतात. म्हणून कणकेचा लेप लावला तर तो गुण येईल असे नाही. कणकेत ते नावापुरतेच आहे.

परदेशी झाडांत बेअरबेरी नावाच्या झुडपाच्या पाल्यातले आर्ब्युटिन प्रसिद्ध आहे. आणि जपानात भात आंबवताना वापरतात त्या बुरशीतून १९०७ साली कोजिक आम्ल सापडले. आज अनेक क्रीममध्ये ही दोन नावे छापलेली दिसतात.

आता हळद आणि कोरफड. हळदीतल्या करक्युमिनने प्रयोगशाळेत रंग कमी बनतो असे दिसले आहे, पण माणसाच्या चेहऱ्यावरच्या वांगाबाबत भक्कम पुरावा थोडा. कोरफडीचा गर भाजलेल्या, तापलेल्या कातडीला थंडावा देतो; तेवढ्यासाठी तो जरूर वापरा. पण पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा आणि गर धुवून घ्यावा, नाहीतर खाज सुटते.

पाला आणि अर्क यांत फरक काय?

उसाचे कांडे आणि साखर यांत जेवढा फरक, तेवढा पाला आणि अर्क यांत आहे. उसाला साखरेचा उतारा शंभराला दहा-अकरा पडतो. ज्येष्ठमधाच्या शंभर किलो वाळलेल्या मुळांत ग्लॅब्रिडिन फार तर पाव किलोच्या आसपास, पुष्कळदा त्याहून कमी असते. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही. म्हणजे ज्येष्ठमध उकळून त्या पाण्याने तोंड धुतले, तर नेमके जे हवे ते चोथ्यातच राहते! ते काढायला अल्कोहोलसारखी द्रावणे लागतात, मग गाळणे, घट्ट करणे, तपासणे, आणि ते कातडीच्या खालच्या थरापर्यंत पोचेल अशा मलमात बसवणे. घरच्या खलबत्त्यात हे होत नाही.

मग घरगुती लेप लावूच नये का? ज्येष्ठमधाची बारीक पूड दुधात किंवा पाण्यात कालवून लावली तर सहसा अपाय नाही, गुणही फार नाही. लावायचाच असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ आले तर चेहऱ्यावर लावू नये. कारण कातडी चिडली की ती बरी होताना काळाच डाग ठेवून जाते. चोळणे, घासणे, खरवडणे हे तर कधीच नको.

बाजारातल्या डबीपासून सावध

आणखी एक धोका आहे. आठवडी बाजारात, काही दुकानांत, बिनलेबलाची किंवा नुसत्या पानाफुलांचे चित्र असलेली क्रीमची डबी मिळते. आठ दिवसांत चेहरा उजळतो म्हणून बायका एकमेकींना सांगतात. आठ दिवसांत उजळला तर आनंद मानू नका, संशय घ्या. कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच महिनाभर लागतो. खरा अर्क दोन-तीन महिने लावल्यावर फरक दाखवतो.

झटपट उजळण्यामागे बहुधा दोनच गोष्टी असतात, स्टेरॉइड किंवा पारा. स्टेरॉइडचे मलम मनाने महिनोन् महिने लावले की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुम आणि लव येते, आणि बंद केले की डाग दुपटीने परततात. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. हायड्रोक्विनोन हे वांगावरचे जुने व गुणकारी औषध, पण तेही मनाने वर्षानुवर्षे लावले तर कातडीत निळसर काळे डाग कायमचे बसतात.

पारा त्याहून वाईट. केरळातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातल्या एका विशिष्ट मूत्रपिंडविकाराच्या २२ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या १५ जणांत आजाराची एक खास खूण सापडली, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. डाग घालवायला गेलेल्या माणसाला मूत्रपिंडाचे दुखणे लागले! तेव्हा डबीवर घटक, बनवणाऱ्याचा पत्ता, परवाना क्रमांक आणि तारीख नसेल, तर ती डबी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

प्रत्येक काळा डाग वांग नव्हे

चेहरा, मान आणि हात खाजून जाड व काळे पडत असतील, तर गाजरगवत आठवा. पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलेले हे गवत आज कुठल्या बांधावर नाही? त्याचे कण वाऱ्याने उडून अंगावर येतात आणि ज्याला ते सोसत नाही त्याची कातडी सुजून काळवंडते. त्यावर अर्क नाही. गवतापासून दूर राहणे आणि डॉक्टरांचे औषध, हाच उपाय. गवत फुलावर येण्यापूर्वी उपटावे, हातमोजे घालून. आणि ज्याला त्याचा त्रास आहे त्याने ते काम दुसऱ्याला द्यावे.

मानेच्या मागे, काखेत मखमलीसारखी जाड काळी कातडी दिसली तर ती मळ समजून घासू नका, रक्तातली साखर तपासून घ्या. आणि कुठल्याही रंगाच्या डागाला स्पर्श कळत नसेल, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि तो पूर्ण बरा होतो.

मग करायचे काय?

वांगावरचा पहिला उपाय सावली. त्याशिवाय महागातला महाग अर्क वाया जातो. भोक पडलेल्या पाटात पाणी सोडल्यासारखे होते. खुरपणी, वेचणी शक्य तितकी सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर करावी. मजुरी करणाऱ्या भगिनींना वेळ आपल्या हाती नसते हे मला कळते. तर मग डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि गालांवरून दाट विणीचा सुती रुमाल बांधावा. नुसत्या पदराने कपाळ झाकते, गाल उघडे राहतात आणि वांग नेमके तिथे येते. उन्हाचे क्रीम लावत असाल तर घामाने ते जाते, दोन तासांनी पुन्हा लावावे लागते.

गरोदरपणात आलेले वांग पुष्कळदा बाळंतपणानंतर काही महिन्यांत आपोआप फिके होते, म्हणून तेव्हा घाई नको आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावणे नको. गोळ्यांनी वांग आले असे वाटले, तर त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचारावे.

आता ज्येष्ठमधाची लागवड

ताईंच्या मालकांच्या प्रश्नाकडे येते. ज्येष्ठमधाला मागणी आहे, हे खरे. आपल्या देशात ते बहुतेक बाहेरून येते, हेही खरे. पण त्याला खोल, वाळूमिश्रित, निचऱ्याची जमीन मानवते; पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मुळे कुजतात. मुळे काढायला सुमारे तीन वर्षे लागतात, म्हणजे तेवढी वर्षे ते अर्धे एकर अडकून पडणार. आणि खरेदीदार मुळांतले द्रव्य मोजून भाव देईल, नुसते वजन पाहून नव्हे.

मी शाळेत असताना, २००० नंतरच्या काही वर्षांत, कोरफड आणि सफेद मुसळीची लाट आली होती. आमच्या वडिलांनी एक एकर कोरफड लावली. रोपे देणाऱ्याने पाने विकत घेऊ असे तोंडी सांगितले होते. पाने तयार झाली, तो माणूस पुन्हा दिसला नाही. कोरफडीच्या गरात जवळजवळ सगळे पाणीच. कापलेल्या पानांवर लवकर प्रक्रिया झाली नाही तर ती फुकट. जवळ कारखाना नव्हता. शेवटी आम्ही भावंडांनी ती पाने उपटून बांधावर टाकली. कोरफडीत गुण नव्हता असे नाही. तो काढून घेणारे कुणी नव्हते.

म्हणून रोपे घेण्याआधी चार प्रश्न विचारा. माल कोण घेणार आणि तसा लेखी करार आहे का? भाव कशावर ठरणार? प्रक्रिया करणारा कारखाना किती लांब आहे? आणि रोपे विकणाऱ्याचा फायदा रोपांत आहे की मालात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रोपांत असे आले, तर हात जोडून त्याला निरोप द्या. औषधी पिकांबद्दल खात्रीची माहिती गुजरातेत आणंदजवळ बोरीआवी येथील औषधी व सुगंधी वनस्पती संशोधन संचालनालयातून मिळते. आपल्या तालुका कृषी कार्यालयातही विचारा. हौस असेल तर दहा रोपे परसात लावून पाहा, अर्धा एकर नको.

लक्षात ठेवा

१. सावळा रंग रोग नव्हे. वांगावर पहिला उपाय सावली.

२. लिंबू, बावची, बिब्बा चेहऱ्याला लावू नये.

३. ज्येष्ठमध आणि तुतीच्या तयार अर्काने डाग फिका होतो, जाईलच असे नाही. दोन-तीन महिने धीर धरावा.

४. आठ दिवसांत उजळवणारी डबी घेऊ नये.

५. बधिर डाग, मानेवरची मखमली काळी कातडी, खाजून काळवंडलेला चेहरा यांसाठी दवाखाना.

६. लेखी करार आणि जवळचा कारखाना नसेल तर औषधी पिकाची लागवड करू नये.

ताई, तुमचे लिंबाने झालेले डाग उन्हापासून जपलेत तर हळूहळू उतरतील. चार महिन्यांनी कसे आहेत ते जरूर कळवा. आणि मालकांना सांगा, अर्ध्या एकरात यंदा हरभराच बरा.